फोन उचलायचा न्हाई

आमच्या विहिरीवरच्या मोटरीला माझा नंबर लावलेला हाय. म्हंजी थ्री फेज लाइट आली की मोटरीच्या पेटीतनं मला फोन येतो, मी उचलला की आतली बाई बोलती, लाइट आली आहे, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा. मी एक दाबते. भाकरी थापत असले आन् हात पिठाचं असलं तर कोपरानं दाबते. आन् मला आपन होऊन मोटर लावायची असली तर मी त्या पेटीला फोन करायचा, दोन रिंगा झाल्या की ती आपली आपन फोन कापती आन् मोटर चालू. परत केला की एकाच रिंगेत कापती आन् बंद. त्याला पैसा पडत न्हाई, कारन फोन कुनी उचलतच न्हाई.

ह्ये ह्यांनीच बसवलं, मस्कतला जायच्या आधी. ह्ये म्हंजी माझं मालक. रांजणगावला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर वेल्डर होते, ते सुटलं, मग मस्कतला नंबर लागला. तवा माझ्या पोटात बारका होता, थोरली पायात पायात घुटमळायची, आन् आमच्या राहू गावात लाइटीचं असं की एक आठवडा दिवसा, एक आठवडा अवेळी. ह्यांना वाटलं ही अवघडलेली बाई अंधारात विहिरीवर जानार, पाय घसरला म्हंजी? मग ती पेटी बसवली. आधी मामांचा नंबर लावू म्हनले, मामा म्हंजी माझं सासरं, तर मामा म्हनले, "माझ्या फोनात यंत्राची बाई नको. मी माझ्या हातानं बटन दाबीन." म्हनून माझा लावला.

आत्या, म्हंजी सासूबाई, त्या पेटीला माझी सवत म्हनतात. फोन वाजला की, "घे, आली तुझी सवत. आधी तिचं ऐक, मग माझी भाकर टाक." कुनी पावनं असलं की आनखी रंगवून सांगायच्या, "हिचा नवरा मस्कतला, त्याचा फोन आठवड्यानं येतो, पन विहीर हिला रोज फोन करती." मला लाज वाटायची पन हसूबी यायचं.

ह्यांनी बारक्याला बघितलंच न्हवतं. तो झाला तवा ह्ये तिकडंच. तो बसायला लागला, रांगायला लागला, दात आलं, ते सगळं फोटोत. मग ह्यांनी ठरवलं की मला आन् दोन्ही लेकरांना महिनाभर तिकडं न्यायचं. त्यांच्याबरोबरचा एक केरळचा मानूस सुट्टीवर चालला होता, त्याची खोली मोकळी व्हनार होती. व्हिसा आला, तिकिटं आली. मी आठवीपतूर शिकलेली, केंदूरला माहेर, केंदूर ते राहू एवढंच माझं जग, कवा पुन्याला दवाखान्यात गेले असंन तेवढं. मला विमानाचं भ्या न्हवतं वाटत. मला वाटत होतं ते फोनचं.

कारन ह्ये रोज एकच सांगायचे. तिथनं व्हॉट्सॲपचा फोन लागत न्हाई, त्या देशात बंदच हाय ते, म्हनून ह्ये आवाज भरून पाठवायचे. एकापाठोपाठ एक. "विमानात बसायच्या आधी डाटा बंद कर. डाटा रोमिंग वेगळं, ते बी बंद. पन नुसतं रोमिंग चालू ठेव, न्हाईतर फोनच लागनार न्हाई." आता ह्यातलं काय बंद आन् काय चालू? मी ते आवाज परत परत ऐकायचे, पाठ करायचे, शाळेत पाढे केलं तसं. "आमच्या हितं एका गड्यानं फोन नुसता खिशात ठेवला. हात लावला न्हाई. फोनानंच आतल्या आत काय काय उतरवून घेतलं. आता त्यो पगार घेतो आन् फोनला देतो." हे ऐकल्यापास्नं तर मला फोन म्हंजी पिशवीत नांगीवाली इंगळी घेऊन चालल्यासारखा वाटायचा.

"आन् फोन उचलायचा न्हाई. तिथं आलेला फोन उचलला तरी आपलेच पैसे जातात. मिस कॉलवर भागवायचं. न उचलला तर पैसा न्हाई."

मग ठरलं असं. मी पोचले की मामांना एक मिस कॉल. रोज सकाळी मामांनी मला एक मिस कॉल, म्हंजी घरी ठीक. लागोपाठ दोन आले तर ठीक न्हाई, मग ह्यांनी कुठनं तरी घरी फोन लावायचा. मामांना ह्यांनी बजावलं, "आबा, तिचा फोन आला तरी उचलायचा न्हाई. कापायचा. तुम्ही उचललात की तिचं पैसं जानार." मामा म्हनले, "मला काय कळत न्हाई व्हय? मिस कॉलवर तर माझी अर्धी जिंदगी गेली." आन् ते खरंच हाय, आमच्याकडं मिस कॉल म्हंजी निरोप. टेम्पोवाला येऊन थांबला की मिस कॉल, जेवायला या मिस कॉल, मजूर बायका बांधावर आल्या मिस कॉल. कोन उचलतंय?

ह्यांनी सांगितलं म्हनून मी फोनातल्या नंबरांपुढं अधिकचं चिन्ह आन् एक्क्याण्णव लावलं. त्याशिवाय तिथनं लागत न्हाई म्हने. एक एक नंबर उघडून लावत बसले. मामांचा, माझ्या आईचा, डॉक्टरांचा, मोटरीचा. मोटरीच्या नंबराला एक्क्याण्णव लावताना माझ्या मनात काय सुद्धा आलं न्हाई. कुनाच्याच आलं न्हाई. माझा नंबर त्या पेटीतनं काढायचा हे कुनालाच सुचलं न्हाई.

निघायला दोन दिवस उरलं आन् थोरलीला कांजण्या आल्या.

सकाळी न्हाऊ घालताना पाठीवर दिसल्या, दुपारपतूर पोट, तोंड, सगळीकडं. वरवंडला डॉक्टरांकडं नेली, ते म्हनले, "हिला विमानात घेनार न्हाईत. आन् घेतलं तरी नेऊ नका." मी म्हनलं मग मी बी जात न्हाई. पन तिकीट ठरलेलं, खोली तेवढ्याच दिवसासाठी, ह्यांनी रजा मागून ठेवलेली. आत्या म्हनल्या, "तू जा. बारक्याला बापाला दाखव. हिला मी बघते. माझ्या दोन्ही लेकरांच्या मीच काढल्यात कांजण्या, कडूलिंबाच्या पाल्यावर निजवून." डॉक्टरबी म्हनले, घाबरू नका, तीन-चार दिवस ताप राहील.

पन थोरलीला मागच्या साली तापात झटका आलेला. डोळं पांढरं झाल्यालं, दात गच्च. मी तिला मांडीवर घेऊन ह्यांच्या चुलत्याच्या गाडीवर बसलेली, रस्ताभर तिच्या तोंडात बोट घालून, नको घालायचं असतं ते मागनं कळलं. ती रात माझ्या आतनं गेलीच न्हाई अजून. तो ताप आन् हा ताप वेगळा, असं डॉक्टर म्हनतात. आईला तापच दिसतो.

निघताना थोरली खाटंवर बसलेली, अंगभर पुरळ, अंगात ताप, पन राग त्याच्यापेक्षा मोठा. म्हनली, "बाळाला ठेव. मला ने." मी म्हनलं, बाळ दूध पितं गं. "मग मी बी पिते." आत्या हसल्या. मी हसले न्हाई. मी तिचा पापा घ्यायला वाकले तर तिनं तोंड फिरवलं, आन् मी तशीच गाडीत बसले. बारक्यालाबी लागन व्हईल का हे एक भ्या वेगळंच.

विमानाचं काय सांगू, मला त्यातलं फारसं ध्यानातच न्हाई. बारका रडला, शेजारची बाई म्हनली दूध पाज म्हंजी कान उघडतील, मी पाजलं. मस्कतला उतरल्यावर ह्ये दिसले. वाळलेले, काळे पडलेले. ह्यांनी हात पुढं केले तर बारक्यानं असा टाहो फोडला की तिथला पोलिस बघायला लागला. ह्ये म्हनले, "एवढा वाईट दिसतो काय मी?" मी म्हनलं, तुम्ही फोटोत बरे दिसता.

खोलीवर गेल्यावर मी मामांना एक मिस कॉल दिला. थोड्या वेळानं माझा फोन वाजला, एकदा, आन् थांबला. बघते तर नाव न्हाई. अननोन नंबर असं लिवलेलं. मी ह्यांना दाखवलं. "हितं कवा कवा नाव येत न्हाई," ह्ये म्हनले. "आबाच असनार. दुसरं कोन हाय आपल्याला फोन करनारं?"

ह्यांची रजा तिसऱ्या दिवसापास्नं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारातच त्यांना ड्यूटीला जायचं होतं, प्लांटवर. तिथं फोन आत नेऊ देत न्हाईत, गेटवर जमा करावा लागतो, संध्याकाळी परत मिळतो. जाताना म्हनले, "दार आतनं लाव. ताटात अंडी, ब्रेड ठेवलाय. मी आलो की आबांना आवाज पाठवतो, चुलत्याच्या फोनवर." खोलीत वायफाय हाय का म्हनून विचारलं तर म्हनले, हाय, पन पासवर्ड त्या केरळवाल्याच्या टकुऱ्यात, आन् त्यो बसलाय त्याच्या गावाला.

असं करून मी, बारका आन् फोन, तिघं त्या खोलीत. खिडकीसमोर भिंत. बाहेर माणसाचा आवाज न्हाई, कुत्रं न्हाई, कोंबडं न्हाई. नुसता एसी घरघरतोय. मी फोन उशापाशी ठेवला. मग उचलून खिडकीत ठेवला, तिथं रेंज बरी दिसत होती. मग परत जवळ आनला. मामांच्या सकाळच्या मिस कॉलची वाट बघत बसले, घरी आता उजाडलं असंल, आता आत्यांनी चूल पेटवली असंल, आता तिच्या अंगाला हात लावून बघितलं असंल.

फोन वाजला. अननोन नंबर. माझा जीव भांड्यात पडला, मी हात जोडलं. वाजून वाजून थांबला.

आन् परत वाजला.

लागोपाठ दोन. म्हंजी ठीक न्हाई. बारका माझ्याकडं बघून हसत होता आन् मला त्याचं तोंड दिसंना. थांबला. तोवर फोन तिसऱ्यांदा वाजला, आता काय पैसं आन् काय रोमिंग, मी उचलला आन् वरडले, "मामा! काय झालं तिला?"

"थ्री फेज लाइट आली आहे," बाई म्हनली. "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

मी खालीच बसले. हसायला यायला लागलं, रडायला यायला लागलं. ती पेटी असंच करती, उचलला न्हाई तर परत करती, परत करती. समुद्रापलीकडं आली सवत माझ्या मागं. आन् हसता हसता माझा अंगठा गेला की एकावर. सवयीचा अंगठा. रोज जातो तसा गेला. "मोटर चालू होत आहे," बाई म्हनली.

तवा मला आठवलं की मामा मेथी टाकनार होते. कालच वाफ्यात बी फोकलं असंल, त्याला हातानं, सांभाळून पानी द्यायचं असतं, पाइपाचं पानी एकदम सुटलं तर बी वाहून एका कोपऱ्यात. मी फोन कापला. परत लावून मोटर बंद करावी म्हनलं तर लगेच मेसेज आला, बॅलन्सचा. त्या एवढ्याशा बोलन्यात निम्मं गेलं होतं. माझं बोलनं न्हवंच ते, यंत्राचं.

मी ठरवलं, आता काय झालं तरी उचलायचा न्हाई. राहिलेला बॅलन्स जपायचा, खरंच गरज पडली तर तेवढाच आधार.

बारक्याला अंडं भरवायला घेतलं तर परत वाजला. अननोन. मी फोनकडं बघत राहिले. थांबला. परत वाजला. थांबला. दोनदा. आता मी डोकं लावलं. लाइट तर मघाशीच आली, मोटर चालू झाली, मग आता पेटी कशाला फोन करंल? म्हंजी हे मामा. म्हंजी दोनदा. म्हंजी...

माझ्या मनात तेव्हा हे आलंच न्हाई की मोटर कुनी हातानं बंद केली तरी पेटी कळवती. घरी असताना हातानं बंद करायला कोन जातं? मीच फोनवरनं बंद करायची. ते मला दिसायला हवं होतं, पन भ्यालेल्या माणसाला जे दिसतं तेच दिसतं, मला थोरलीचं पांढरं डोळं दिसत होतं.

मी मामांना फोन लावला. मिस कॉल न्हाई, फोन. म्हनलं जाऊ दे सगळा बॅलन्स, एकदा ऐकू दे. एक रिंग वाजली आन् त्यांनी कापला. मी परत लावला. परत कापला. "अहो मामा, उचला की!" मी त्या भिंतीला सांगत होते. तिसऱ्यांदा लावला, कापला. कसा उचलतील? पोरानं बजावलेलं, उचलायचा न्हाई, आबा. आमच्या मामांना एकदा सांगितलं की झालं.

आन् मग माझा फोन वाजला, अननोन, मी झडप घालीपतूर थांबला. मामांचा मिस कॉल कवा अर्धी रिंग असतो, कवा पुरा वाजत ऱ्हातो, त्यांना लाल बटन लवकर सापडत न्हाई. त्यामुळं हे मामा का पेटी, मला कळायला वाव न्हाई. मामा असतील तर हा कितवा? आधीचं दोन धरून तिसरा? का नवा पहिला, म्हंजी ठीक? असला हिशेब कुनी करू नये. मी खोलीत फिरायला लागले. दारापतूर, खिडकीपतूर. बारका माझ्या साडीला धरून उभा ऱ्हायला बघत होता आन् मी त्याला ढकलून फिरत होते.

मला वाटलं ते घरी न्हाईतच. ते दवाखान्यात हायती. मामा बाहेर बाकड्यावर बसल्यात, आत्या आत. मामा फोन कापत्यात कारन सांगायचं कसं. मी सगळं रचलं, दवाखान्याच्या चादरीसकट.

घरी कोन हाय का, एवढं कळलं तरी बास, असं झालं. घरी कोन असलं म्हंजी दवाखाना न्हाई. पन कळनार कसं? माझा फोन त्या घरात कोन घेत न्हाई. आन् तवा मला आठवलं की घेती. एकच घेती.

मी मोटरीला फोन लावला. दोन रिंगा झाल्या, कापला तिनं. म्हंजी चालू झाली, मघाशी कवा बंद पडली कुनास ठावं. आता घरी कोन असंल तर पाइपाचा आवाज ऐकून पळंल, मेथी वाचवायला पळंलच, बटन बंद करंल, आन् पेटी मला कळवंल; हातानं बंद केली तरी ती कळवती हे आता आठवलं, पन मघाचं दोन फोन तिचंच असतील हे तवाबी सुचलं न्हाई. घरी कोन नसंल तर पानी वाहत ऱ्हाईल आन् फोन वाजनार न्हाई. मी फोन दोन्ही हातात धरून बसले. देवा, वाजू दे. आयुष्यात कवा त्या फोनची एवढी वाट बघितली न्हाई. बारका रडत होता, मी त्याला पदराखाली घेतलं, त्याचा डोळा माझ्यावर आन् माझा फोनवर.

वाजला. अननोन.

मी उचलला न्हाई. पन लगेच मनात आलं, लाइट गेली असंल तरी पेटी कळवती की. मामाच कशावरनं? मी परत मोटर लावली. लाइट गेली असती तर ती कापायच्या आधी वेगळी वाजती, मला तिच्या सगळ्या खोडी ठावं हायती. तसं झालं न्हाई. दोन रिंगा, कापला. चालू. आन् लगेच, ह्या टायमाला फारच लवकर, अननोन. म्हंजी विहिरीपाशी कोन तरी उभंच होतं. म्हंजी मानूस हाय घरी.

पन कोन? मामा एकटे असतील, आत्या पोरीला घेऊन गेल्या असतील तर? असं हाय आपलं मन, एक दार लावलं की दुसरं उघडतं. मी तिसऱ्यांदा मोटर लावली. आता मला काय तपासायचं होतं ते मलाच ठावं न्हवतं. मी नुसती दार वाजवत होते.

थोडा वेळ गेला. फोन वाजला. वाजत राहिला. थांबला न्हाई. पेटी इतका वेळ वाजत न्हाई. मी हिरवं दाबलं आन् गप राहिले, बाई बोलंल म्हनून.

"अगं ए! काय लावलंयस?" आत्या.

"आत्या..."

"मेथी सगळी वाहून कोपऱ्याला गेली! हा म्हातारा पळून पळून दमला, पेटीत भूत शिरलंय म्हनतोय, फ्यूज काढायला निघाला. मी म्हनलं, भूत कसलं, पोरीच्या नंबरावर चालती ती. मोटर न्हाई बोंबलत, पोर बोंबलतीय. आन फोन इकडं."

"थोरली कशीय? दोनदा आला ना फोन, आत्या, दोनदा..."

"दोनदा कुठनं? सकाळी एकदा केला ह्यांनी. मग तूच करत बसलीस, ह्ये म्हनले, सुनंला करमत न्हाई, आन् परत एक दिला."

"तिचा ताप?"

"उतरला पहाटंच. पेज प्याली, भांडी वाजवली, खाजवू नको म्हनलं की मला चावायला येती. ये गं हिकडं, आई हाय, मस्कतातनं बोलतीय, ये लवकर, पैसं चाललंत."

पलीकडं लांबनं थोरलीचा आवाज आला, खनखनीत, मामासुद्धा मागं हसल्याचं ऐकू आलं.

"तिला सांग, मी झोपलीय."

आन् बॅलन्स संपला.

मी फोन कानालाच धरून बसले. कोरडं टूं टूंसुद्धा न्हाई, नुसतं गप. पन मला ते गप चालत होतं. ताप असलेलं लेकरू असं खोटं बोलत न्हाई, एवढ्या जोरात. तरी बसवत न्हवतं. आता खाली वाटीतलं अंडं बारक्यानं सगळ्या चादरीवर फासलेलं, ती धुतली. भिंतीपाशी गेले, परत आले. ताप उतरला, पन तिनं बोलायचं न्हाई म्हनलं. ताप उतरला, पन मेथी गेली. ताप उतरला, पन बारक्याला कांजण्या निघाल्या तर इथं कुठं जानार? त्याचा सदरा काढून पाठ बघितली, पोट बघितलं. काय न्हवतं. तासाभरानं परत बघितली.

संध्याकाळी ह्ये आले. बूट काढायच्या आधी फोन बघितला. "हे काय? सगळा संपवलास? पयल्याच दिवशी? मी काय काय सांगितलं होतं तुला!"

मी सांगितलं. उलटंसुलटं सांगितलं, आधी मेथी, मग पेटी, मग अननोन, मग आत्या. ह्यांनी डोक्याला हात लावला. "तुझा नंबर पेटीतनं काढायचा राहिला. माझ्याबी डोक्यात आलं न्हाई." मग बूट काढता काढता, "आन् तू इथनं मोटर लावलीस? चालू झाली?"

"झाली."

"मस्कतातनं?"

"तीन टायमाला."

ह्ये हसले. हसता हसता बूट हातात तसाच ऱ्हायला. मग म्हनले, "थोरली बोलली काय?"

"माझ्याशी न्हाई. आत्यांना म्हनली. तिला सांग, मी झोपलीय."

"असं म्हनली?"

"असंच."

"कशी? म्हंजी आवाज कसा होता? तुझ्यासारखा? म्हन बघू तिच्यासारखं."

मी म्हनून दाखवलं. थोरलीसारखं, नाक वर करून, शेवटचं ताणून. ह्ये भिंतीला टेकले. ते गेले तवा ती नीट बोलतसुद्धा न्हवती, बोबडी होती. आवाज भरून पाठवायला सांगितला की ती फोन बघून लपायची, तिचा एकबी आवाज ह्यांच्या फोनात न्हवता, हे मला तवा कळलं.

"परत म्हन," ह्ये म्हनले.

मी म्हनलं. बारका माझ्या तोंडाकडं बघत होता. मग रांगत ह्यांच्याकडं गेला, अर्ध्यात थांबला, आन् ह्यांनी हात पुढं केला न्हाई, नुसतं मला म्हनले, "आनखी एकदा."